थांबा, त्यांचं बोलून व्हायचंय

३ फेब्रुवारी

आजपासून इंटर्नशिप. वय अठ्ठेचाळीस, स्वतःचं सलून चालवून केस पांढरे झाले (रंगवते, म्हणून दिसत नाहीत), आणि विद्यापीठ म्हणतं, पदवी हवी असेल तर आता एक सत्र कामाचा अनुभव घ्या. हसावं की रडावं? वर्गातल्या बाविशीच्या पोरांना अनुभवाची गरज आहे हे मान्य. त्यांना सकाळी वेळेवर उठायचासुद्धा अनुभव नाही. पण मी तेराव्या वर्षापासून कात्री चालवते आहे. माणसांशी कसं वागायचं ते मला कोण शिकवणार?

स्पीच थेरपी शिकायला घेतली तेव्हा एवेलियो म्हणाला होता, "देवानं जिला गप्प बसायला शिकवलं नाही, ती लोकांना बोलायला शिकवणार." नवरा आहे, बोलू दे. त्याचं निम्मं बोलणं तरी मीच पूर्ण करते.

नशीब एवढंच की विद्यापीठाच्या शहरात, मानिसालेसला न ठेवता मला आमच्या आग्वादासच्याच रुग्णालयात पाठवलं. सलूनपासून उतरणीनं दहा मिनिटं. माझ्या वरची बाई मात्र बोगोताची निघाली. हिमेना नाव, वय एकोणतीस, बोलणं अगदी मोजूनमापून. थंड शहराची थंड माणसं. मला म्हणाली, "डोन्या रुबिएला, आज तुम्ही कोपऱ्यात बसा. काही बोलू नका. फक्त बघा."

इंटर्नला 'डोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणायची वेळ तिच्यावरही पहिल्यांदाच आली असणार. मी कोपऱ्यात बसले. दुपारपर्यंत माझं डोकं दुखायला लागलं होतं.

१० फेब्रुवारी

मला माझा पहिला पेशंट मिळाला, आणि तो कोण, तर डॉन ओतोनिएल!

या गावात त्यांचा आवाज माहीत नाही असं कुत्रंसुद्धा नसेल. जन्मभर ते टपावर भोंगा लावलेली गाडी घेऊन फिरले. कोण वारलं, चर्चमध्ये बिंगो कधी, पाणी किती वाजता जाणार, कुणाची गाय हरवली, सगळं त्यांच्या तोंडून कळायचं. आणि प्रत्येक घोषणेच्या शेवटी तेच वाक्य: "धुक्यातलं असलं तरी जगातलं पहिलं गाव, आग्वादास!" मयताची बातमी असली तरीसुद्धा.

नोव्हेंबरमध्ये त्यांना मेंदूचा झटका आला. चालतात, जेवतात, समोरच्याचं सगळं समजतं. आत शब्द शाबूत आहेत, बाहेर येताना दारात अडकतात. बायको ओफेलिया तीन वर्षांपूर्वी गेली. एकुलती मुलगी मार्लेनी बोगोताला असते. चढावरच्या त्या घरात एकटेच राहतात. एकटे म्हणजे नावाला, कारण गल्लीतलं कोणी ना कोणी सतत आत-बाहेर करत असतं.

मी त्यांच्यापुढे चित्रं ठेवली. ते "क... क..." म्हणाले की मी "कॉफी!" ते मान हलवणार. पुढचं चित्र. "ब..." "बस!" बरोबर. अकरा चित्रं झाली. बक्षिसाच्या कार्यक्रमात जिंकावं तसं वाटत होतं मला.

हिमेनानं विचारलं, "किती शब्द झाले?"

"अकरा!"

"तुमचे अकरा झाले. त्यांचा एकही नाही."

किती कोरडेपणानं बोलावं माणसानं!

१७ फेब्रुवारी

नियम असा: प्रश्न विचारायचा, तोंड मिटायचं, मनात दहापर्यंत मोजायचं. शब्द माहीत असला तरी द्यायचा नाही. हात मांडीवर.

मी चारपर्यंत पोचते. चारला जीभ आपोआप सुटते. आमच्याकडे कुणी गप्प बसलं तर एकतर त्याला काळी कॉफी देतात, नाहीतर त्याच्या घरी काय बिनसलं ते विचारतात. समोरचा माणूस शब्दासाठी तडफडतोय आणि आपण हात मांडीवर ठेवून बघत बसायचं, ही माणुसकी झाली का? हिमेनाला तसं म्हटलं.

ती म्हणाली, "पाण्यात पडलेल्याला बाहेर काढणं वेगळं आणि पोहायला शिकवणं वेगळं."

बोगोतात नदीत कोण पोहतं, असं विचारणार होते. गिळलं.

२ मार्च

आज मार्लेनीचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, डॉन ओतोनिएल शेजारीच. मंजूर झालेले उपचार मे अखेरीला संपतील, तेव्हा ती येणार. "पप्पांना माझ्याकडे न्यावं असं माझ्या मनात आहे," ती म्हणाली. "पण गल्लीतले सगळे मला सांगतात, त्यांना नेलंस तर ते मरतील. मला गल्लीचं नको आहे. ते स्वतः काय म्हणतात तेच मी करीन. तोपर्यंत त्यांना तेवढं सांगता येईल का?"

"येईलच!" मी म्हणाले. हिमेनानं माझ्याकडे पाहिलं.

डॉन ओतोनिएल हातवारे करून काहीतरी सांगायला लागले. "म... म..." मी त्यांचा हात धरला. "काळजी करू नका. तुम्हाला इथून कुणी हलवणार नाही. हे मी बघते." त्यांनी हात खाली घेतला.

शेवटी बाजी लावण्यासारखं काही हातात आलं. ज्या माणसानं जन्मभर या गावाचं नाव गर्जवलं, त्याला म्हातारपणी बोगोतातल्या नवव्या मजल्यावर नेऊन ठेवायचं? तिथं शेजारी एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. मे अखेरपर्यंत डॉन ओतोनिएल स्वतःच्या तोंडानं सांगतील, "मी इथेच राहणार." तीन शब्द. माझ्या इंटर्नशिपचं सार्थक.

५ मार्च

हिमेनाला योजना दाखवली. तिनं विचारलं, "हे वाक्य कुणी निवडलं?"

"मी. पण आहे त्यांचंच."

"त्यांना विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? अख्ख्या गावाला माहीत आहे."

"मग विचारायला काय हरकत आहे?"

बरं, विचारलं. "डॉन ओतोनिएल, तुम्हाला इथेच राहायचंय ना?" ते खिडकीबाहेर बघत राहिले. धुकं अगदी रस्त्यावर उतरलं होतं. मग त्यांनी हळूच मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते. गावावरचं प्रेम हे असं असतं. बोगोताच्या माणसाला काय कळणार ते?

हिमेनानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं.

१९ मार्च

"मी" आला! आज "इथे" पण आला, अर्धा. मी त्यांना मिठीच मारली. त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं, जशी मी पेशंट आणि ते थेरपिस्ट.

घरी एवेलियोला सांगायला लागले. तो म्हणाला, "मला वाटतं, तो म्हातारा..." "खूश आहे, हो ना!" मी म्हणाले. तो भाकरीसारखी जाड अरेपा तव्यावर उलटत राहिला.

३० मार्च

पूर्ण वाक्य! अडखळत, घामाघूम होत, पण पूर्ण. "मी... इथे...च... रा...हणार." संपल्यावर ते टेबलावर डोकं ठेवून रडले. मीही रडले. येताना बेकरीतून पिओनोनो, आमच्याकडचा गोड केकचा रोल, घेतला होता, निम्मा त्यांना दिला. त्यांनी खाल्ला नाही. आनंद झाला की मलाही असंच होतं, घास उतरत नाही.

८ एप्रिल

मधलं मूल्यमापन. हिमेनानं लिहिलंय: "मेहनत उत्तम. पेशंटवर जीव आहे. ऐकणं: अजून नाही."

अजून नाही! ज्या पेशंटला एक अक्षर येत नव्हतं, त्याच्या तोंडून मी वाक्य काढलं, आणि हिला ऐकणं कमी पडतंय. तिला विचारलं तर म्हणाली, "ते वाक्य सोडून दुसरं काय बोलतात ते?"

काही नाही. ते वाक्य आल्यापासून ते दुसरं काही बोलायला जात नाहीत. मी म्हटलं, थकतात. पण घरी येताना चढावर ते मनातून जाईना.

२२ एप्रिल

माझा आवाज गेला.

सलूनमध्ये दिवसभर उघड्या दारातून गार वारा आणि माझ्या तोंडाचा पट्टा, दोन्ही चालू होते. सकाळी उठले तर घशातून फक्त हवा. डॉक्टरनं आठवडाभर बोलायचं नाही म्हणून सांगितलं. कुजबुजायचंसुद्धा नाही. एवेलियोनं ऐकलं आणि तो अंगणात गेला. हसायलाच गेला असणार.

२४ एप्रिल

हे लिहायलाच हवं. आज दुकानात गेले. मला हवं होतं मीठ. बोट दाखवलं. दुकानदार म्हणाला, "साखर!" मी नाही म्हणून मान हलवली. "गूळ! घशाला गुळाचं पाणीच चांगलं." मी लिहायला पाटी काढेपर्यंत त्यानं गूळ बांधला. मागच्या बाईनं लिंबू घ्यायला लावलं. आणखी एकीनं मध. प्रत्येकीचा जीव होता माझ्यावर, पण माझं लिहून होईपर्यंत कुणाला धीर नव्हता. गूळ, लिंबू, मध घेऊन घरी आले. बीन्स अळणी झाले.

मला रडू आलं. इतक्या लहान गोष्टीचं रडू यावं याची लाज वाटली. पण आलं.

२७ एप्रिल

आवाज नसतानाच आजचं सत्र. मला वाटलं, हिमेना रद्द करील. ती म्हणाली, "उलट छान."

टेबलावर चित्रं मांडली आणि बसले. काही विचारताच येत नव्हतं. दहा काय, शंभर मोजले असतील. डॉन ओतोनिएल माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्या गळ्याकडे बोट केलं, स्वतःच्या गळ्याकडे केलं आणि चक्क हसले. नोव्हेंबरनंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मग एकेक शब्द यायला लागले, माझ्या मदतीशिवाय. "दूध." "जिना." "ओफे...लिया." मी जागची हलले नाही. अकरा नव्हते, सहाच होते. पण सहाही त्यांचे होते.

शेवटी त्यांनी घराचं चित्र उचललं आणि उलटं करून बाजूला ठेवलं. बसचं चित्र जवळ ओढलं, त्यावर तळहात ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले. किती वेळ!

बिचारे. बसची धास्ती घेतली आहे त्यांनी. घर सुटणार म्हणून. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. आवाज असता तर समजूत काढली असती.

१५ मे

आवाज परत आला, पण पूर्वीइतका खर्चावासा वाटत नाही.

एवेलियो सकाळी म्हणाला, "परवा मी पुलापाशी..." आणि थांबला. त्याला सवय आहे, पुढचं मी म्हणते. मी म्हटलं नाही. तो बावरला. "काय झालं? बरं नाही का तुला?" मी मानेनंच सांगितलं, बोल. त्यानं पुलापाशी भेटलेल्या शाळेतल्या मित्राचं सांगितलं. मग त्या मित्राच्या बापाचं. मग स्वतःच्या बापाचं, जे मी लग्नानंतर इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. कॉफी गार झाली. शेवटी म्हणाला, "एवढं काही सांगायचं नव्हतं मला. तू ऐकत होतीस म्हणून सांगितलं."

मला तो आज फार आवडला. लिहून ठेवते, त्याला सांगणार नाही.

२९ मे

उद्या मार्लेनी येणार. शेवटचा सराव. डॉन ओतोनिएलनी वाक्य बरोबर म्हटलं. म्हणताना माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत होते.  उद्या ते अडखळले तर? मार्लेनीनं पहिल्याच शब्दाला हार मानली तर? उद्या माझं काम एकच, त्यांना पूर्ण करू देणं.

३० मे

आजचं आजच लिहून ठेवते.

मार्लेनी रात्रभर प्रवास करून आलेली, डोळे सुजलेले. आम्ही चौघं, डॉन ओतोनिएल, मार्लेनी, हिमेना आणि मी. मी हात मांडीखाली दाबून बसले होते.

मार्लेनी म्हणाली, "पप्पा, तुम्हाला काय हवं ते सांगा. मी रागावणार नाही."

ते सरळ बसले. भोंग्यापुढे बसायचे तसे. "मी..." म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. "इथे..."

मार्लेनीनं डोळे पुसले. "राहणार. कळलं पप्पा. मला माहीतच होतं. नका त्रास करून घेऊ." ती पर्स उचलून उठायला लागली.

माझा हात मांडीखालून कधी निघाला कळलं नाही. मी तिचं मनगट धरलं. "थांबा. त्यांचं बोलून व्हायचंय."

मला अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू. पुढचं मला पाठ होतं. मीच शिकवलं होतं. मी फक्त ते बाहेर यायची वाट बघत होते. चार झाले, सात झाले, दहा होऊन गेले. त्यांच्या कपाळावर घाम आला. हिमेना हलली नाही, मीही नाही.

"इथे... नको," ते म्हणाले.

मला वाटलं, चुकले. मी तोंड उघडलंच होतं. माझ्या ओठावर 'च राहणार' होतं. हिमेनानं टेबलाखालून माझा गुडघा दाबला.

"तुझ्या... कडे." त्यांनी मार्लेनीच्या छातीकडे बोट केलं. मग ज्या बसची त्यांना धास्ती आहे असं मला वाटलं होतं, तिचं चित्र त्यांनी शर्टाच्या खिशातून काढलं आणि तिच्या हातात ठेवलं. माझ्या गठ्ठ्यातून कधी उचललं होतं कोण जाणे.

मार्लेनी पुन्हा खुर्चीत बसली. "पण पप्पा... तुमचं गाव? जगातलं पहिलं गाव?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पुढचं यायला खूप वेळ लागला. कुणीही मध्ये बोललं नाही. "इथं... सगळे... तो." गळ्याकडे बोट, मग बाहेर रस्त्याकडे, मग भोंग्यासारखा ओंजळीचा आकार. "तो... आवाज... शोधतात." मग छातीवर हात. "तिथं... कोणी... ओळखत नाही. तिथं... हा... चालेल."

मार्लेनी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. म्हणत होती, आई गेली तेव्हापासून विचारायचं होतं, पण सगळे म्हणायचे, विचारूसुद्धा नकोस, म्हाताऱ्याचा अपमान होईल.

मी बाहेर आले आणि औषधाच्या खोलीत जाऊन उभी राहिले. जवळजवळ तीन महिने मी त्यांना चुकीचं वाक्य शिकवलं. त्यांनी ते माझं मन राखायला शिकून घेतलं. तो घाम, ते रडणं, न खाल्लेला पिओनोनो. सगळं माझ्यापुढे होतं.

हिमेना आली. मी म्हटलं, "नापास करा मला."

दारातच थांबली. ती मोजत होती की काय असं मला वाटलं. मग म्हणाली, "मला मार्चमध्येच शंका आली होती. पण मी बोगोताची. वाटलं, मी बोलले तर तुम्ही म्हणाल, हिला तर सगळे तिकडेच जावेत असं वाटणार. म्हणून गप्प बसले. तुमच्याकडे जास्त बोलणं, माझ्याकडे कमी. त्यांच्या बाबतीत दोघींचं चुकलं." मग म्हणाली, "पण आज मुलीला थांबवलं ते तुम्ही. मी थांबवलं नसतं. माझ्यात ते धाडस नाही."

तिच्या गालावर पाणी होतं. मी आजवर तिला थंड म्हणत आले. तिला जवळ घेतलं. काटकुळी पोर आहे. जेवते कुठे, कोण जाणे. रविवारी घरी बोलावलं आहे.

१४ जून

इंटर्नशिप पास झाले. एवेलियोनं सलूनच्या दारावर फुगे लावले, शेजारणी गोळा झाल्या, पण आजचं खरं ते वेगळंच.

सकाळी डॉन ओतोनिएल निघाले. चौकात बसपाशी अख्खी गल्ली लोटली होती. आणि आमची गल्ली, म्हणजे काय सांगावं! "बघा, कसे रडतायत बिचारे." "मुलगीच ओढून नेतेय." "गाव सोडून जगतील का हे?" "महिनाभरात परत येतील, लिहून ठेवा." मार्लेनी बॅग धरून खाली मान घालून उभी होती. डॉन ओतोनिएल एकेकाकडे बघत होते, तोंड उघडत होते, मिटत होते. कोणी ना कोणी त्यांच्यासाठी बोलतच होतं.

मी म्हटलं, "अहो, त्यांना विचारा की."

"काय विचारायचं? दिसतंय की!" कोपऱ्यावरची बाई म्हणाली.

"मलाही दिसत होतं," मी म्हणाले. "तीन महिने दिसत होतं, आणि साफ चुकलं. विचारा, आणि मग गप्प उभं राहा. सगळेजण."

माझ्या तोंडून 'गप्प' ऐकून लोक इतके चकित झाले की खरंच गप्प झाले. बेकरीवाल्यानं विचारलं, "डॉन ओतोनिएल, जाताना कसं वाटतंय तुम्हाला?"

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी अशी नजर टाकली की त्यानं इंजिनच बंद केलं. चौकात एवढी माणसं, आणि कुणाचा हूं नाही की चूं नाही. जन्मभर ज्यांनी या गावाला ऐकवलं, त्यांची आज गाव वाट बघत होतं. धुकं होतं, गारठा होता, लहान मुलंसुद्धा उभी होती. मी मोजायचं विसरून गेले.

"खूश," डॉन ओतोनिएल म्हणाले.

मग बसच्या पायरीवर चढले, वळले, आणि पुन्हा म्हणाले, या वेळी न अडखळता, "खूश आहे मी."